निवडणारं बी

नवरात्राच्या पहिल्या दिवशी कोराडीत घट बसतात. महालक्ष्मी जगदंबेच्या मंदिरात अखंड ज्योती उजळतात, नागपूरकडून आलेली माणसं रांगेत उभी राहतात, आणि मागे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसत असतात. देवीचं रूप दिवसातून तीनदा पालटतं, सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा, अशी इथली श्रद्धा आहे. घराघरांतला घट याहून साधा. पत्रावळीवर काळी माती, मधोमध पाण्याचं मडकं आणि भोवती पेरलेलं धान्य. कुणाकडे पाच धान्यं, कुणाकडे सात, कुणाकडे नऊ. नऊ असली की त्यांत कुळीथ येतो, कारण नवग्रहांच्या धान्यांत तो केतूच्या वाट्याचा. विदर्भाच्या ताटात तूर आणि हरभऱ्याचा मान मोठा, कुळथाला रोजची जागा नाही. कोकणात त्याचं पिठलं होतं, देशावर त्याला हुलगा म्हणतात आणि थंडीत त्याचे शेंगोळे होतात.

याच कुळथाचा अर्क रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत असतो. बाटलीवर नाव असतं ‘अँटी-ए१ लेक्टिन’. बी दळायचं, मिठाच्या पाण्यात भिजवायचं, गाळायचं आणि योग्य तेवढं पातळ करायचं. मूळ कृती एवढीच. त्याचा थेंब ए गटाच्या तांबड्या पेशींत टाकला की काही माणसांच्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, काहींच्या सुट्या राहतात. गुठळ्या झाल्या तो ए१, सुट्या राहिल्या तो बहुधा ए२. नेहमीच्या बी किंवा ओ गटाच्या पेशींना कुळीथ धरत नाही.

कुळथाचा हा गुण पुण्यात सापडला. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचं काम करणारे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’मध्ये कुळथाबद्दलची पहिली टिपणी छापली, आणि ए१-ए२चा संबंध पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये मांडला. ए गटाचे पोटगट असतात हे १९११ पासून ठाऊक होतं, पण ते वेगळे काढण्यासाठी माणसाच्या रक्तद्रवावर बरेच संस्कार करावे लागत. बर्ड यांच्या शोधानंतर तेच काम वाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या कडधान्यानं होऊ लागलं. जगभरच्या रक्तपेढ्यांत ते आजही चालतं. महाराष्ट्रात मात्र ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, याची खंत वाटते.

पण इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रयोगशाळेपुरता नाही.

‘सगळ्यांचं रक्त एकच’ हे वाक्य महाराष्ट्रात लहानपणापासून कानावर पडतं. कीर्तनात, शाळेच्या प्रार्थनेनंतरच्या भाषणात, रक्तदान शिबिराच्या फलकावर. जात मोडायची, शिवाशीव मोडायची तर हाच दाखला दिला जातो: सुई टोचली की सगळ्यांचं लालच निघतं. हेतू शंभर टक्के खरा. वाक्य मात्र खोटं. रक्त एकच असतं तर रक्तपेढीत तपासणीची गरजच नव्हती. ए गटाच्या माणसाला चुकून बी गटाची पिशवी लागली तर ती त्याचा जीव घेऊ शकते. कुळथाचं बी तर त्याही पुढे जाऊन एकाच ए गटात दोन वाटण्या करतं. मग समतेचा आधार रक्ताच्या एकपणावर ठेवला असेल, तर तो आधार गेला का?

आधी या बीजगुणाची ओळख. १८८८ साली डोर्पाटच्या विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूमध्ये, पीटर हेरमान स्टिलमार्क या विद्यार्थ्यानं एरंडीच्या बियांतलं विष वेगळं करताना पाहिलं की त्यानं रक्तातल्या पेशी एकमेकींना चिकटतात. पाठोपाठ गुंजेतही तसाच पदार्थ सापडला. सोनाराच्या तराजूतली ती तांबडी-काळी गुंज, चावून गिळली तर प्राणघातक. पुढे घेवडा, मसूर, राजमा, भुईमूग, फणसाची आठळी अशा कितीतरी बियांत ही प्रथिनं मिळाली. विल्यम बॉइड आणि एलिझाबेथ शेप्ले यांनी १९५४ साली त्यांना ‘लेक्टिन’ हे नाव दिलं, लॅटिनमधल्या ‘निवडणे’ या अर्थाच्या धातूवरून. मराठीत हा शब्द किती सहज बसतो! धान्य निवडणं हे आपल्या घरांतलं रोजचं काम. सुपात कुळीथ घेऊन खडे वेचणाऱ्या बाईच्या हाताखालचं ते धान्य स्वतःच निवड करणारं निघालं.

ते निवडतं काय? साखर. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या लहान साखळ्या असतात. ए गटाच्या साखळीचं टोक एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसॅमाइनचं, बी गटाचं टोक गॅलॅक्टोजचं. दोन्ही साखरांत फरक एका छोट्या रासायनिक गटाचा. ओ गटात ही दोन्ही टोकं नसतात, नुसती पायाची साखळी असते, तिला एच म्हणतात. लंडनमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांना हे १९५२ च्या सुमारास उमगलं ते लेक्टिनच्याच मदतीनं: साधी साखर मिसळली की बियांचा अर्क पेशींना धरायचा थांबतो, कारण त्याचे हात आधीच भरलेले असतात. माणसाच्या रक्तातला जो भेद प्राणांशी खेळतो, तो मुळात एवढासा आहे.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला सांगतो. फळ फोड, काय दिसतं? बारीक बिया. त्यातली एक फोड, काय दिसतं? काहीच नाही. ज्यात तुला काही दिसत नाही त्यातूनच हा एवढा वड उभा आहे, असं सांगून बाप त्याला सगळ्या सृष्टीत भरून असलेल्या एकाच सूक्ष्म तत्त्वाकडे नेतो. बी फोडून एकत्व दाखवायची ही रीत जुनी आणि सुंदर आहे. रक्तपेढीतही बी फोडलं जातं, पण तिथे त्यातून भेद निघतो. या दोन बियांचं भांडण आहे असं वरवर वाटतं. उद्दालकाचं एकत्व मात्र पेशींच्या पातळीवरचं नव्हतंच. घडे वेगळे, मडकी वेगळी, माती एक, हे त्याच संवादातलं आधीचं उदाहरण. त्यात घड्याचा आणि मडक्याचा आकार सारखा आहे असा दावा कुठेच नाही. तत्त्वाचं वाक्य उचलून शरीराला लावलं की ते खोटं पडतं, आणि खोट्या वाक्यावर उभी केलेली समता पहिल्याच तपासणीत डळमळते.

कुळीथ भेद ‘ओळखतो’ असं म्हणताना भाषा आपल्याला थोडी फसवते. वनस्पतीत जीव मानणाऱ्या जैन परंपरेनंही तिला एकच इंद्रिय दिलं, स्पर्शाचं. लेक्टिनचं काम खरोखर स्पर्शासारखंच आहे: खाचेत साखर बसली की धरायचं, नाही बसली की सोडायचं. झाडाला ते कशासाठी हवं असतं? काही लेक्टिनं किडीपासून बियांचं रक्षण करतात, आणि शेंगावर्गी झाडांच्या मुळांशी येणाऱ्या जिवाणूंच्या ओळखीत त्यांचा हात असावा असं बरेच संशोधक मानतात. माणसाच्या रक्ताशी कुळथाच्या शेताचा काडीचाही संबंध नाही. एक खाच मातीत घडली, तिच्याशी जुळणारं टोक माणसाच्या पेशीवर होतं, आणि ती दोघं पुण्यातल्या एका काचेच्या नळीत भेटली. याला ईश्वरी योजना म्हणायचं की योगायोग, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडता येईल. बियाजवळ भेद आहे, विवेक नाही, एवढं मात्र मान्य करावं लागेल. संस्कृतात आणि मराठीत विवेक म्हणजेही वेगळं करणंच. पण त्यात कशासाठी वेगळं करायचं याचं भान असतं.

आणि त्या भेदाची रेघही पाहण्यासारखी आहे. ए१ माणसाच्या एका तांबड्या पेशीवर ए साखरेची साधारण ८ ते ११ लाख टोकं असतात, ए२ च्या पेशीवर जेमतेम अडीच लाख. टोकांच्या ठेवणीतही थोडा फरक असतो, पण मोठा फरक संख्येचा. कुळथाचा अर्क दाट ठेवला तर तो ए२ च्या पेशींनाही धरतो! पातळ करत गेलं की एका टप्प्यावर ए२ सुटतो, ए१ धरलेला राहतो. म्हणजे दोन गटांतली रेघ रक्तात आधीच आखलेली नाही. अर्क किती पातळ करायचा हे ठरवणाऱ्या हातानं ती ठरते. तो हात एका गरजेसाठी रेघ आखतो. ए२ दात्याचं मूत्रपिंड काही परिस्थितीत ओ किंवा बी गटाच्या रुग्णाला बसवता येतं, तेव्हा ए१ की ए२ हे कळणं मोलाचं ठरतं. जिथे असा उपयोग नाही, तिथे ही रेघ कुणी आखत बसत नाही. आपल्यातल्या बहुतेक ए गटवाल्यांना आपण एकमधले की दोनमधले हे आयुष्यभर कळत नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही.

कोराडीपासून नागपूर शहरात शिरून दक्षिणेकडे गेलं की दीक्षाभूमी येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बौद्ध धम्म स्वीकारला. पाली वाङ्मयातल्या वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मण, वासेट्ठ आणि भारद्वाज, बुद्धाकडे वाद घेऊन येतात: ब्राह्मण जन्मानं होतो की कर्मानं? बुद्ध आधी गवताकडे आणि झाडांकडे बोट दाखवतो. मग किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी. यांच्यात जन्मानं ठरणाऱ्या जातीच्या खुणा आहेत, तो सांगतो. माणसांत केस, डोळे, ओठ, हात, रंग, आवाज, कशातही तशी खूण सापडत नाही. माणसांतला भेद बोलण्यापुरता, नावापुरता. शेती-गुरांवर जगतो तो शेतकरी, कारागिरीवर जगतो तो कारागीर.

आता त्याच गवत-झाडांच्या जगातलं एक बी माणसात खूण शोधून दाखवतं. बुद्ध चुकला का? त्याची यादी नीट वाचली तर असं दिसतं की माणसं हुबेहूब सारखी आहेत असं तो म्हणतच नाही. जातीच्या रेघेशी जुळणारी खूण माणसाच्या अंगावर नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कुळीथ याला दुजोराच देतो. ए१ आणि ए२, ए आणि बी, हे भेद प्रत्येक जातीत, प्रत्येक गावात, एका आईच्या पोटच्या लेकरांतही आडवे-उभे पसरलेले आहेत. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हाच मुद्दा वंशाच्या बाजूनं लावून धरला होता: पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशातले, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया एकाच वंशातले, रक्ताची शुद्धता राखायला जात जन्मली ही समजूत पायाहीन आहे. त्यांनी माणसामाणसांतला भेद नाकारला नाही. भेदाची आणि दर्जाची सांगड नाकारली. ‘रक्त एकच’ या गोड वाक्यापेक्षा हा युक्तिवाद कठीण आहे आणि म्हणूनच टिकाऊ आहे.

भेद हाती आला की त्याला दर्जा चिकटवायचा मोह मोठमोठ्यांना झाला. ए चे पोटगट १९११ साली शोधणाऱ्या दोघांपैकी एक, लुडविक हिर्शफेल्ड, पहिल्या महायुद्धात सलोनिकाच्या आघाडीवर डॉक्टर होता. तिथे जगभरचे सैनिक जमले होते, हिंदुस्थानीही. त्यानं आणि त्याची पत्नी हान्ना हिनं आठ हजारांवर माणसांचे रक्तगट तपासले आणि १९१९ साली निष्कर्ष छापले. गट सगळ्या लोकांत सगळेच सापडले, फक्त प्रमाण वेगवेगळं. हिंदुस्थानी सैनिकांत बी गट जास्त. एवढ्यावरून युरोपात वंशांच्या उतरंडी रचणाऱ्यांना रक्तगटाची एक नवी शिडी मिळाली. हिर्शफेल्ड स्वतः ज्यू कुळातला; दुसऱ्या महायुद्धात वॉर्साच्या घेट्टोत कोंडला गेला आणि तिथून निसटून वाचला. अमेरिकेत रेडक्रॉसनं त्याच युद्धात काळ्या दात्यांचं रक्त वेगळं ठेवलं, त्यावर तशी नोंद केली, आणि ती पद्धत १९५० पर्यंत चालली. गट जुळत असताना!

पुण्यात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी उलट दिशेनं प्रश्न विचारला. त्यांनी आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ जातींची शारीरिक तुलना करून १९६८ साली ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त छापली. लोकांच्या नजरेत एका पायरीवरच्या या ब्राह्मण जाती शरीराच्या खुणांनी एकसारख्या नव्हत्या. पायरी एक, शरीरं वेगळी. वासेट्ठ सुत्त वाचून बसलेल्याला यात नवल वाटणार नाही.

मराठी लग्नाच्या बायोडाटात हा गोंधळ आजही एका पानावर दिसतो. जात, पोटजात, रास, नाडी, गण, आणि त्यांच्या खालोखाल रक्तगट. एक नाडी म्हणजे एकच रक्तगट, आणि एकच गट असला की मूल होत नाही, असं ठामपणे सांगणारे लोक सुशिक्षित घरांतही भेटतात. हे साफ चूक आहे. नाडी ठरते नक्षत्रावरून, रक्तगट ठरतो नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकावरून. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. नवरा-बायकोचा एबीओ गट एक असल्यानं काहीही अडत नाही. काळजी घ्यायची ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असताना, आणि त्यावरही वेळेवर द्यायचं अँटी-डी इंजेक्शन आहे. जुन्या भेदाला नव्या भेदाचं कातडं पांघरलं की तो विज्ञान होत नाही, आणि यात मुलींची लग्नं मोडतात, म्हणून हे स्पष्ट बोलायला हवं.

रक्ताच्या भेदाची सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट मुंबईची. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा गट जगापुढे मांडला. या माणसांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ज्यावर ते बसतात तो एचही नाही. नेहमीच्या तपासणीत ती ओ दिसतात, पण ओ गटाचं रक्त दिलं तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं. त्यांना फक्त आपल्याच गटाचं रक्त चालतं. हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप, भारतात साधारण दहा हजारांत एक. तो ओळखायलाही एक बी कामाला येतं: युरोपातल्या गॉर्स या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाचं. त्याचा अर्क ओ गटाच्या पेशींना घट्ट धरतो आणि बॉम्बे गटाच्या पेशींना सोडून देतो. इंग्रजांनी आणलेलं ते झुडूप निलगिरीच्या डोंगरांत आज रान माजवून बसलं आहे.

हा गट आई आणि बाप दोघांकडून एकेक दुर्मीळ जनुक आल्याशिवाय होत नाही. नात्यातली आणि लहान जातीतली लग्नं जितकी जास्त, तितकी तशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. रक्त जपायला म्हणून जातीनं घातलेलं कुंपण अशा वेळी रक्त मिळणंच अवघड करून ठेवतं. मग त्या रुग्णासाठी फोन फिरतात, दाता दुसऱ्या जिल्ह्यातून, कधी दुसऱ्या राज्यातून येतो, आणि त्याची जात विचारायला कुणाला वेळ नसतो.

त्याहून विलक्षण गोष्ट रक्तपेढीवाल्यांना ठाऊक असते. आई-बाप, भाऊ-बहीण, पोटची मुलं यांचं रक्त रुग्णाला द्यायचं असेल तर ते आधी किरणोत्सारानं प्रक्रिया करून घ्यावं लागतं. जवळच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्यांना कुणी अडवत नाही, आणि क्वचित त्या रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. असं घडलं तर वाचणं फार कठीण. ‘रक्ताचं नातं’ या शब्दांवर आपण केवढा भार टाकून ठेवला आहे. रक्तपेढीत मात्र अनोळखी माणसाची पिशवी अधिक निर्धास्तपणे लावली जाते.

दसऱ्याला घट उठतात. नऊ दिवसांत उगवलेले पिवळट हिरवे अंकुर पुरुष टोपीत खोवतात, बाया केसांत माळतात. कुळथाचा अंकुर गव्हाच्या पात्यांत शोधावा लागतो. त्याच दिवशी दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते पांढऱ्या कपड्यांनी भरून जातात. शहरातल्या रक्तपेढ्यांमध्ये २ ते ६ अंशांत पिशव्या मांडलेल्या असतात, लेबलावर गट, क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख आणि मुदतीची तारीख. रक्त तसंच ठेवलं तर मुदत ३५ दिवसांची. एखाद्या ए गटाच्या नमुन्यात पेशी एक सांगतात आणि रक्तद्रव दुसरंच सांगतो, तेव्हा तंत्रज्ञ कुळथाची बाटली काढतो, ट्यूबमध्ये थेंब टाकतो, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो आणि ट्यूब उजेडासमोर धरून हलकेच हलवतो, तळाची गुठळी टिकते की सुटते ते पाहायला.